ॲडलेड १९८६: टायरचं माप आणि इंधनाचा आकडा

फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत, त्रेसष्टावी फेरी. सगळ्यांत पुढे मॅक्लारेनमध्ये केके रॉसबर्ग, कारकिर्दीतली शेवटची शर्यत. अचानक मागून खडखडाट सुरू झाला. टर्बो इंजिनांच्या काळात असा आवाज आला की ड्रायव्हरच्या डोक्यात एकच गोष्ट यायची, इंजिन गेलं. रॉसबर्गने इंजिन बंद केलं, गाडी कडेला घेतली आणि उतरला. उतरल्यावर पाहतो तर इंजिनाला काहीच झालेलं नाही. उजव्या मागच्या टायरवरचं रबर खालच्या सांगाड्यापासून सुटलं होतं आणि त्याचे तुकडे चाकाबरोबर फिरत गाडीवर आपटत होते.

हा उलगडा एखाद मिनिट आधी झाला असता आणि विल्यम्स संघाच्या पिटपर्यंत, म्हणजे टायर बदलायला गाडी थांबते त्या जागेपर्यंत, पोचला असता, तर १९८६ चा विश्वविजेता बहुधा विल्यम्सचा नायजेल मॅन्सेल असता. पुढच्याच फेरीत त्याचा टायर फुटला.

२६ ऑक्टोबर १९८६ ची ऑस्ट्रेलियन ग्रां प्री बहुतेकांना त्या एका दृश्यामुळे माहीत असते. सरळ रस्त्यावर विल्यम्सचं डावं मागचं चाक फुटतं, ठिणग्यांचा फवारा उडतो, गाडी तीन चाकांवर हेलकावे खाते. ते दृश्य पाहून माणूस म्हणतो, नशीब फुटकं. मला ते पटत नाही. ही शर्यत दोन मापांवर ठरली. टायर किती झिजला हे एक, टाकीत इंधन किती उरलं हे दुसरं. दोन्ही मापं चुकली. पहिल्यावर विल्यम्सने विश्वास ठेवला, दुसऱ्यावर अ‍ॅलन प्रोस्टने, म्हणजे रॉसबर्गच्या मॅक्लारेनमधल्या जोडीदाराने, ठेवला नाही.

आधी गुणांचा हिशेब करू, कारण त्याशिवाय कोण कशासाठी काय करत होतं हे कळत नाही. त्या काळी पहिल्या सहांना ९, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळत. वर्षभरात शर्यती सोळा, पण मोजायचे फक्त सर्वोत्तम अकरा निकाल. बाराव्यांदा गुण मिळवलेत तर सगळ्यांत कमी गुणांचा निकाल गळणार. ॲडलेडला येताना मोजलेले गुण असे होते: मॅन्सेल ७०, प्रोस्ट ६४, नेल्सन पिके (मॅन्सेलचा विल्यम्समधला जोडीदार) ६३. मॅन्सेलने प्रत्यक्षात ७२ कमावले होते, पण दोन गळले होते.

ते दोन कसे गळले ते पाहण्यासारखं आहे. आदल्या शर्यतीला, म्हणजे मेक्सिकोला, मॅन्सेल ७० गुण घेऊन आला होता. तिथेच विजेतेपदाचा निकाल लागण्याची शक्यता होती. सुटताना त्याला गिअरच पडेना, सगळा ताफा पुढे निघून गेला. शेवटून सुरुवात करून तो पाचवा आला, दोन गुण मिळाले. पण हा त्याचा गुण देणारा बारावा निकाल होता आणि आधीचा सर्वांत छोटा निकालही दोनच गुणांचा, डेट्रॉइटमधला पाचवा क्रमांक. दोन आले, दोन गेले. मेक्सिकोला सत्तर घेऊन आलेला माणूस सत्तरच घेऊन निघाला.

ॲडलेडमध्ये मॅन्सेलला तिसरा क्रमांक पुरेसा होता असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बरोबर आहे, पण किती काठावर बरोबर आहे ते क्वचितच कुणी सांगतं. तिसऱ्याचे चार गुण, त्यातून दोन पुन्हा गळणार, म्हणजे ७२. प्रोस्ट जिंकला तर त्याचे नऊ येणार आणि एक गळणार, म्हणजे तोही ७२. बरोबरी झाली की विजय मोजायचे: मॅन्सेलचे पाच, प्रोस्टचे चार. मॅन्सेल विजेता. चौथा आला असता तर? तीन मिळून दोन गळले असते, ७१. गेलं विजेतेपद. तिसऱ्या आणि चौथ्यात एका गुणाचा फरक, आणि त्या एका गुणावर सगळं वर्ष टांगलेलं.

पिके जिंकला आणि मॅन्सेल तिसरा आला तर गंमत आणखी वाढते. पिकेचेही ७२ होतात आणि विजय दोघांचे पाच-पाच. मग दुसरे क्रमांक मोजा: दोन-दोन. तिसरे: तीन-तीन. चौथे: एक-एक. पाचव्या क्रमांकावर येऊन गाठ सुटते, कारण मॅन्सेलचे पाचवे क्रमांक दोन आहेत आणि पिकेचा एकही नाही. म्हणजे मेक्सिको आणि डेट्रॉइटचे जे निकाल गुणांच्या बेरजेत कवडीमोल ठरले, तेच बरोबरीत मॅन्सेलला तारणार होते.

प्रोस्ट आणि पिके या दोघांचं मात्र सोपं होतं. जिंकायचं, आणि मॅन्सेल पहिल्या तिघांत नसावा अशी आशा करायची. दुसरा क्रमांक दोघांनाही निरुपयोगी होता. दुसरा येऊन दोघांचेही ६९ च होतात आणि मॅन्सेल काहीही न करता ७० वर बसलेला असतो. हे लक्षात ठेवा, शेवटच्या फेऱ्यांत ते कामाला येणार आहे.

जाता जाता एक जुनी जखम. एप्रिलमध्ये हेरेझला झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये मॅन्सेलने शेवटच्या टप्प्यात नवे टायर घेतले, आयर्टन सेन्नाचा पाठलाग केला आणि रेषेवर ०.०१४ सेकंदाने हरला. नऊऐवजी सहा गुण. बाकी सगळं तसंच घडलं असतं आणि ते तीन गुण खात्यात असते, तर ॲडलेडमध्ये शून्य मिळूनही मॅन्सेल ७३ वर विजेता ठरला असता. हेरेझला टायर बदलायला थांबला म्हणून हुकलं, ॲडलेडला थांबला नाही म्हणून.

आता गाड्या. १९८६ मध्ये सगळी इंजिनं दीड लिटरची टर्बो, म्हणजे जादा हवा आत कोंबून ताकद वाढवणारी. पात्रता फेरीत बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, वाढवून हजार अश्वशक्तीच्या वर जात, शर्यतीत तेवढं परवडत नसे. कारण शर्यतीत इंधन भरायला बंदी आणि टाकी जास्तीत जास्त १९५ लिटरची. आदल्या वर्षी हीच मर्यादा २२० होती. ॲडलेडची शर्यत ८२ फेऱ्यांची, एक फेरी ३.७८ किलोमीटरची. भागाकार करा: एका फेरीला साधारण २.३८ लिटर, म्हणजे एका लिटरला दीड किलोमीटरहून जरा जास्त. त्यात अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमधून गाडी उसळवत न्यायची.

ड्रायव्हरच्या हाताशी बूस्टचं बटण आणि समोर इंधनाचा आकडा. हा आकडा टाकीत डोकावून येत नाही. हेलकावणाऱ्या रबरी टाकीत पातळी मोजून काही उपयोग नसतो. इंजिनाचा संगणक प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारी तोटी, किती वेळ उघडा राहिला ते मोजतो, त्यावरून किती इंधन गेलं ते काढतो आणि सुरुवातीच्या १९५ मधून वजा करत जातो. इंजेक्टर प्रत्यक्षात किती सोडतो आणि संगणक किती समजतो यात दोन-अडीच टक्क्यांची तफावत असली तरी शर्यतीच्या शेवटी पाच लिटरची चूक होते. पाच लिटर म्हणजे ॲडलेडच्या दोन फेऱ्या. चूक कुठल्याही बाजूला होऊ शकते. प्रोस्टने दोन्ही रूपं पाहिली होती. त्याच वर्षी इमोलाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत इंधन संपत आलं तेव्हा त्याने गाडी डावी-उजवीकडे हलवत टाकीच्या कोपऱ्यातले थेंब पंपापर्यंत आणले आणि जिंकला. हॉकेनहाइमला शेवटच्या फेरीत गाडी खरोखरच बंद पडली, उतरून ढकलायला लागला, सहावा ठरला.

ट्रॅकबद्दल. ॲडलेडचा ट्रॅक शहराच्या रस्त्यांचा: काटकोनी वळणं, एकामागून एक, मधे छोटे सरळ तुकडे, आणि मग एक लांब सरळ रस्ता, त्याचं नाव ब्रॅबम स्ट्रेट. काटकोनी वळणातून बाहेर पडताना टर्बो उशिरा जागा होतो आणि जागा झाला की एकदम लाथ मारतो. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, रबर तापतं, सोलवटतं. मग लगेच सरळ रस्त्यावर ताशी २९० किलोमीटरचा वेग. तापलेल्या टायरवर पूर्ण वेगाचा ताण, दर ऐंशी सेकंदांनी.

हा ताण किती असतो ते एका उदाहरणाने बघू. मागच्या टायरची त्रिज्या साधारण ३३ सेंटीमीटर धरा. ताशी २९० ला चाक सेकंदाला जवळपास ३९ वेळा फिरतं. टायरच्या पृष्ठभागावरचं रबर बाहेर फेकलं जाण्याचा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे दोन हजार पट होतो. शंभर ग्रॅम रबराचा तुकडा दोनशे किलोच्या ताकदीने सुटायला बघतो. त्याला धरून ठेवतो तो रबर आणि खालचे धाग्यांचे थर यांच्यातला जोड. उष्णतेने तो जोड एका जागी जरी सैल झाला, तरी पुढचं काम वेग करतो.

टायर झिजण्याचे आणि टायर सुटण्याचे प्रकार वेगळे आहेत, ही या शर्यतीची किल्ली. झीज मोजता येते. गुळगुळीत शर्यतीच्या टायरवर ठरावीक जागी छोटी छिद्रं ठेवलेली असतात. त्यात खोली मोजायची पट्टी घालायची, किती रबर उरलंय ते मिलिमीटरमध्ये कळतं. पण ही पट्टी जोडाबद्दल काही सांगत नाही. छिद्रात रबर शिल्लक दिसत असताना दोन थरांमध्ये आत कुठे फोड आला असेल तर तो बाहेरून दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

शर्यतीकडे येऊ. शनिवारी पात्रता फेरीत मॅन्सेल पहिला, १ मिनिट १८.४०३ सेकंद. पिके दुसरा, सेन्ना तिसरा. प्रोस्ट चौथा आणि मॅन्सेलपेक्षा सव्वा सेकंदाने मागे. वेगाच्या बाबतीत विल्यम्स-होंडापुढे मॅक्लारेनचं काही चालत नव्हतं, वर्षभर चाललं नव्हतं. संघांचं विजेतेपद विल्यम्सने कधीच खिशात घातलं होतं. ड्रायव्हरांचं अजून लोंबकळत होतं याचं कारण मॅन्सेल आणि पिके एकमेकांचेच गुण खात होते. संघाचे मालक फ्रँक विल्यम्स मार्चमधल्या मोटार अपघातात कायमचे जायबंदी झाले होते आणि दोन पहिल्या क्रमांकाच्या ड्रायव्हरांना एका ओळीत लावणारं पिटमध्ये कुणी नव्हतं. दोघांना मोकळं सोडण्यात खेळाडूपणा होता हे मान्य, पण त्याचं बिल शेवटच्या शर्यतीत आलं.

सुरुवातीला मॅन्सेल पुढे निघाला आणि पहिल्याच फेरीत सेन्ना, पिके, रॉसबर्ग तिघांनाही जाऊ दिलं. शहाणपणाचं होतं. त्याला कुणाशी भांडायची गरज नव्हती. सातव्या फेरीत रॉसबर्गने आघाडी घेतली आणि तो निघाला तो निघालाच, आपल्याला टाकीची आणि टायरची फिकीर नाही अशा थाटात. शर्यतीनंतर त्याने सांगितलं की आपण प्रोस्टला मदत करायला निघालो होतो, वेळ आली असती तर त्याला वाट दिली असती. म्हणजे रॉसबर्ग पुढे आहे म्हणून प्रोस्ट जिंकू शकत नाही, हा दिलासा विल्यम्सच्या दृष्टीने पोकळ होता.

तेविसाव्या फेरीत पिके गिरकी घेऊन मागे पडला, गाडी शाबूत राहिली. प्रोस्ट दुसरा झाला.

बत्तिसाव्या फेरीत, एक फेरी मागे असलेल्या गेरहार्ड बेर्गरच्या बेनेटनला ओलांडताना प्रोस्टची गाडी घासली आणि टायर पंक्चर झाला. पिटमध्ये यावं लागलं, थांबा लांबला, बाहेर पडला तो चौथा, विल्यम्सच्या वीसेक सेकंद मागे. प्रोस्टचं वर्ष इथे संपलं असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात याच थांब्याने त्याला विजेतेपद मिळवून दिलं, आणि तेही दोन बाजूंनी. एक तर त्याच्या गाडीला नवे टायर लागले, उरलेल्या पन्नास फेऱ्यांसाठी. आणि दुसरं म्हणजे त्याचे जुने टायर ते बनवणाऱ्या गुडइयर कंपनीच्या तंत्रज्ञांच्या हातात आले.

तंत्रज्ञांनी ते टायर तपासले. झीज कमी होती. याच वेगाने झिजले तर पूर्ण शर्यत निघेल असा निष्कर्ष निघाला आणि तो बाकीच्या गुडइयरवाल्या संघांना कळवला गेला: थांबायची गरज नाही. त्या क्षणी हे तर्कशुद्ध वाटतं. खऱ्या शर्यतीतून, खऱ्या रस्त्यावरून, जड टाकीच्या वजनाखाली आलेला नमुना हातात आहे, आणखी काय हवं? दोन आठवड्यांपूर्वीच मेक्सिकोला बेर्गर पिरेली कंपनीच्या टायरवर एकदाही न थांबता जिंकला होता आणि गुडइयरवाले टायर बदलत बसले होते. न थांबण्याचं आकर्षण तेव्हा ताजं होतं.

पण नमुना कुणाचा होता? प्रोस्टचा. अख्ख्या ताफ्यात टायरशी सर्वांत मऊ वागणारा माणूस. तो वळणात गाडी आडवी जाऊ देत नाही, बाहेर पडताना पाय हळू दाबतो, ब्रेक जरा आधी लावतो. बाहेरून बघताना तो सावकाश जातोय असं वाटतं. त्याच्या टायरवरून मॅन्सेलच्या टायरचा अंदाज बांधणं म्हणजे सावलीत ठेवलेल्या माठावरून उन्हातल्या माठातलं पाणी किती आटलं ते सांगण्यासारखं. गाडी वेगळी, इंजिनाची लाथ वेगळी, उजवा पाय वेगळा. शिवाय बत्तीस फेऱ्यांची झीज सरळ रेषेत ओढून ब्याऐंशीवर नेली गेली. झीज कदाचित अशी सरळ रेषेत जातेही. थरांमधला जोड तसा झिजत नाही. तो टिकतो, टिकतो, टिकतो आणि एका फेरीत जातो.

विशेष म्हणजे सगळ्यांत आधी जो टायर गेला तो मॅक्लारेनचाच होता, रॉसबर्गच्या गाडीचा. त्याच संघाची, त्याच बनावटीची गाडी, पण पाय जड.

चव्वेचाळिसाव्या फेरीत पिकेने मॅन्सेलला मागे टाकून दुसरा क्रमांक परत मिळवला. प्रोस्ट नव्या टायरवर अंतर खात येत होता आणि काही वेळाने पिके, मॅन्सेल, प्रोस्ट असा तिघांचा एक पुंजका झाला. रॉसबर्ग त्यांच्या बराच पुढे. हे चित्र मनात ठेवून मॅन्सेलच्या जागी बसा. थांबावं का? थांबला तर रॉसबर्ग, पिके आणि प्रोस्ट पुढे, आपण चौथे. रॉसबर्गने प्रोस्टला वाट दिली तर चौथ्याचे ७१ आणि प्रोस्टचे ७२. म्हणजे पुढे चारच गाड्या शर्यतीत आहेत आणि त्यात थांबलेला चौथा ठरणार. टायरवाले म्हणतायत गरज नाही, हिशेब म्हणतोय थांबू नको. कुणीही थांबला नसता.

त्रेसष्टाव्या फेरीत रॉसबर्ग गेला आणि हिशेब पालटला. आता मॅन्सेलच्या पुढे जास्तीत जास्त दोन गाड्या होत्या आणि मागे कुणीच नव्हतं. शेवटी तिसरा आलेला स्टेफान योहान्सनचा फेरारी पूर्ण एका फेरीने मागे होता. मॅन्सेल पिटमध्ये येऊन, चार टायर बदलून, सावकाश बाहेर पडून, उरलेल्या वीस फेऱ्या रविवारच्या फेरफटक्यासारख्या चालवून तिसरा आला असता. थांबणं फुकट झालं होतं. ही मुभा मिळाली आणि ऐंशीएक सेकंदांत संपली. त्या ऐंशी सेकंदांत विल्यम्सला एवढंच दिसत होतं की एक मॅक्लारेन कडेला थांबली आहे. टर्बोच्या काळात गाड्या कडेला थांबतातच. रॉसबर्गलाच आधी कळलं नाही, तर बाकीच्यांना कुठून कळणार?

चौसष्टाव्या फेरीत ब्रॅबम स्ट्रेटवर, सर्वांत वरच्या गिअरमध्ये, फिलिप आलियोच्या लिजिएला मागे टाकत असताना मॅन्सेलचा डावा मागचा टायर फुटला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पुन्हा पाहाल तेव्हा ठिणग्यांकडे बघू नका, पुढच्या चाकांकडे बघा. मागचा डावा कोपरा खाली बसला की समोरचा तिरका कोपरा, उजवं पुढचं चाक, हलकं होतं. डाव्या मागच्या बाजूला गाडीचं पोट जमिनीवर घासून ब्रेकसारखं काम करतं आणि गाडी डावीकडे ओढली जाते. अशा वेळी ब्रेकवर पाय ठेवला तर पुढची चाकं अडकतात आणि दिशाच उरत नाही. मॅन्सेल ब्रेक अगदी बेताने वापरत, दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या रस्त्यावर ती गाडी शेपटी हलवत असतानाही सरळ ठेवतो आणि शेवटच्या पळवाटेत नेऊन थांबवतो. टाकीत अजून चाळीसेक लिटर इंधन. माझ्या मते त्या दिवशी कुणीही केलेलं सर्वांत चांगलं ड्रायव्हिंग हे होतं, आणि त्याचे गुण शून्य.

आता विल्यम्सकडे एकच गाडी उरली होती, आघाडीवरच्या पिकेची. दोन टायर दोन फेऱ्यांत गेलेले. पिकेला बोलवायचं की नाही? बोलवलं तर आघाडी प्रोस्टला द्यायची, आणि प्रोस्टला नवे टायर घेऊन तीस फेऱ्या झालेल्या, त्याला थांबायची गरज नाही. न बोलवलं तर कदाचित विश्वविजेता, कदाचित भिंत. विल्यम्सने पासष्टाव्या फेरीत पिकेला आत घेतलं. पिकेच्या चाहत्यांना हा निर्णय अजून खुपतो. मला तो बरोबरच वाटतो. टायर टिकेल असं सांगणारं माप नुकतंच दोनदा खोटं ठरलं होतं. त्याच मापावर तिसऱ्यांदा माणूस बसवायचा?

पिके बाहेर आला तेव्हा प्रोस्ट सुमारे पंधरा सेकंद पुढे होता. विल्यम्सकडे ताजे टायर आणि जास्त ताकद. पिके तुटून पडला.

आणि प्रोस्टच्या समोर दुसरं माप होतं. संगणक सांगत होता, उणे पाच लिटर. म्हणजे हाच वेग ठेवलास तर शेवटच्या दोन फेऱ्यांना इंधन नाही. एरवी अशा वेळी काय करायचं हे त्या काळच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं: बूस्ट कमी कर, गिअर आधी बदल, सरळ रस्त्याच्या शेवटी पाय लवकर काढ आणि गाडी घरंगळू दे. दर फेरीला थोडं थोडं वाचवत आकडा शून्यावर आण. पण फेरीला सेकंद-दीड सेकंद तरी जातो. मागून पिके येत असताना सतरा फेऱ्या तसं केलं तर पिके पुढे जाणार, आणि दुसरा क्रमांक म्हणजे ६९ गुण, म्हणजे मॅन्सेल हॉटेलवर बसून विश्वविजेता. गाडी बंद पडून उभी राहिली तरी निकाल तोच.

म्हणून प्रोस्टने आकड्याकडे दुर्लक्ष केलं असं म्हणताना त्याला धाडसी जुगारी ठरवायचं कारण नाही. तो जुगारी माणूसच नव्हता. संगणक खरा असेल तर आपण हरलोच आहोत, मग सावकाश जाऊनही हरू. संगणक खोटा असेल तरच जिंकू शकतो. तर मग खोटा आहे असं धरूनच चालवायला हवं. यापेक्षा कोरडा हिशेब शर्यतीच्या मैदानात क्वचित झाला असेल.

मागे इतरांची टाकी खरोखरच आटत होती. फिलिप स्ट्रेफची टिरेल इंधन संपून थांबली, तरी पाचवा क्रमांक मिळाला, कारण मागच्या कुणालाही त्याला गाठता आलं नव्हतं. त्याचाच जोडीदार मार्टिन ब्रंडल चौथा, जॉनी डम्फ्रीस लोटसमध्ये सहावा.

ब्याऐंशीव्या, म्हणजे अगदी शेवटच्या फेरीत पिकेने १ मिनिट २०.७८७ सेकंदांची शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. पंधरा सेकंदांचं अंतर चारवर आलं होतं. प्रोस्टने रेषा ओलांडली, एकूण वेळ १ तास ५४ मिनिटं २०.३८८ सेकंद, पिके ४.२०५ सेकंद मागे. प्रोस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९. लागोपाठ दोन वर्षं विजेतेपद राखणारा जॅक ब्रॅबमनंतरचा पहिला ड्रायव्हर. ब्रॅबमने ते १९५९ आणि १९६० मध्ये केलं होतं, आणि मॅन्सेलचा टायर ज्या रस्त्यावर फुटला त्याला नाव त्याचंच.

जिंकलेला ड्रायव्हर एक सन्मानाची फेरी मारून परततो. प्रोस्टने ती मारली नाही. रेषा ओलांडल्या ओलांडल्या गाडी कडेला घेतली, बंद केली आणि बाहेर उडी मारली. संगणकाच्या मते ती गाडी दोन फेऱ्यांपूर्वीच थांबायला हवी होती.